चार नंबरच्या खोलीतली हाक

१

सफाईवाल्या मावशी बादली घेऊन चार नंबरच्या खोलीत शिरल्या, तेव्हा आजोबा पलंगाशेजारी जमिनीवर पडले होते. मावशींना हसू आलं.

"उठा आता आजोबा, मला फरशी पुसायचीय. किती नाटक कराल?"

 फरशी ओली दिसली म्हणून मावशींनी फडकं टाकलं, पुसत पुसत आजोबांच्या पायापर्यंत आल्या आणि पाय जरा बाजूला करावा म्हणून त्याला हात लावला. त्यावर आजोबा जे ओरडले, ते नाटकातलं नव्हतं. मावशी फडकं तिथंच टाकून बाहेर धावल्या.

त्यांचं हसणं चुकलं खरं, पण हे केंद्रच खोट्या दुखण्यांचं होतं. दुसऱ्या देशात नर्सिंग शिकून आलेल्या बायका आणि मधे बरीच वर्षं काम सोडून परत येऊ पाहणाऱ्या बायका, यांना नोंदणी हवी असेल तर आधी इथे हात चालवून दाखवावे लागत. एकेका खोलीत एकेक प्रसंग मांडलेला. कुठे टोचायला रबराचा हात, कुठे दाबायला प्लास्टिकची छाती, आणि चार नंबरच्या खोलीत हाडामांसाचे आजोबा. त्यांचं आयुष्य रंगभूमीवर गेलेलं. म्हातारपणी कोणी काम देईना, तेव्हा ही भूमिका मिळाली: ऑपरेशननंतर थोडा भरकटलेला, सारखा हाका मारणारा पेशंट. "सिस्टर, जरा या ना," असं ते दिवसभर इतक्या केविलवाण्या आवाजात म्हणत की एखादीच्या डोळ्यांत पाणी यायचं. ती बाहेर गेली की आजोबा परीक्षक बाईंना हळूच विचारत, "कसं झालं?"

त्या दिवशी त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं.

केंद्राचे संचालक धावत आले. त्यांना एरवीसुद्धा घाम लवकर फुटतो. पलंगाचा कठडा खाली पाडलेला त्यांनी पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. पेशंटला सोडून जाताना कठडा वर करायचा, हे नर्सला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

"या खोलीत शेवटची कोण होती?" त्यांनी विचारलं.

मागे उभ्या असलेल्या परीक्षक बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या म्हणाल्या, "ती बाहेरची."

२

केंद्रात उमेदवारांना दोनच नावं होती. परदेशात शिकलेल्या त्या 'बाहेरच्या' आणि काम सोडून पुन्हा आलेल्या त्या 'परतलेल्या'. कोणाला वाईट वाटेल असा विचार कोणी केला नव्हता.

चौकशीला नर्सिंग कौन्सिलनं निवृत्त मेट्रनबाईंना पाठवलं. मेट्रनबाईंचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. अर्धी हयात वॉर्डात काढल्यामुळे समोरची नर्स खोटं बोलतेय का, हे तिच्या हातांकडे बघून कळतं असा त्यांचा समज होता. संचालकांनी त्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि कामाचं बोलून टाकलं.

"प्रकरण सरळ आहे बाई. बाहेरचीनंतर आणखी एक उमेदवार यायची होती, पण तिनं सकाळीच ताप आल्याचं कळवलं. म्हणजे शेवटची हीच. ही बाहेर पडली, आम्ही ऑफिसात चहाला बसलो आणि तेवढ्यात हे घडलं. कठडा खाली ठेवून गेली. बेफिकिरी, दुसरं काय!"

"तुमची परीक्षक काय म्हणते?"

"त्या मान खाली घालून मार्क लिहीत होत्या. त्यांनी पाहिलं नाही."

परीक्षक बाई एकेकाळी मेट्रनबाईंच्याच हाताखाली होत्या. काटेकोर, वेळेच्या पक्क्या, चादरीची घडी इकडची तिकडे होऊ न देणाऱ्या. तिला वेगळं काय विचारायचं, असं मेट्रनबाईंना वाटलं आणि त्यांनी बाहेरचीला बोलावलं.

ती आली. तिशी ओलांडलेली, अंगानं बारीक. दूरच्या देशात मामाकडे राहून शिकली, तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी केली, लग्न होऊन इथे आली आणि इथे तिचं शिक्षण कोणी धरेना. वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लोकांना आंघोळी घालत होती. ही परीक्षा तीनदाच देता येते आणि तिची ही तिसरी खेप होती. आता नापास झाली तर ती या देशात पुन्हा कधीही नर्स होणार नव्हती.

मेट्रनबाईंनी आवाज मऊ केला. "हे बघ, आढेवेढे घेतलेस तर उगाच लांबेल. तुझी चूक कबूल आहे का तुला?"

बाहेरची हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. माझी चूक झाली."

मेट्रनबाईंचा जीव भांड्यात पडला. संचालकांचा तर त्याहून जास्त. त्यांनी लगेच वृद्धाश्रमात फोन लावला, "तुमच्याकडे जी बाई आहे ना, तिच्याबद्दल जरा कळवायचं होतं..."

निघण्यापूर्वी जागा बघून घ्यावी म्हणून मेट्रनबाई चार नंबरच्या खोलीत गेल्या. खोली होती तशी कुलूप लावून ठेवली होती. गुडघे ठणकत होते, म्हणून त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या.

आणि पलंग त्यांच्याखालून सरकला.

भिंतीला धरलं म्हणून त्या पडता पडता वाचल्या. त्यांनी वाकून पाहिलं. चाकांचा ब्रेक निघालेला होता.

कठडा वर करायला विसरता येतं. पण उभ्या पलंगाचा ब्रेक विसरून निघत नाही, तो पायानं काढावा लागतो. मग तो कोणी काढला?

३

मेट्रनबाईंनी पंखा बंद करायला लावला आणि नव्यानं सुरुवात केली.

पहिली आली परतलेली. हिनं मुलं मोठी होईपर्यंत आणि सासरे अंथरुणाला खिळले होते तोपर्यंत घर सांभाळलं होतं. आता पुन्हा गणवेश घालायचा म्हणून आली होती. बाहेरचीच्या आधी चार नंबरच्या खोलीत तिचीच पाळी होती. बोलकी होती, फक्त बोलताना खाली बघायची.

"खोलीत गेलीस तेव्हा काय काय दिसलं, आठवतंय?"

"चांगलं आठवतंय. मी म्हटलं, काय गलथान लोक आहेत हे! पेशंटला बोलवायची घंटी मागे भिंतीच्या हुकाला, हात पुरणार नाही अशी. चष्मा ड्रॉवरमध्ये. चपला पलंगाच्या पलीकडे, तोंडं भिंतीकडे करून. आणि कठडा खाली."

"तू काय केलंस?"

"कठडा केला वर, चपलाही दिल्या. चष्म्याचं आणि घंटीचं मात्र सुचलंच नाही हो. इतक्या वर्षांनी सवय राहिली नव्हती." तिनं बाहेरच्या बाकाकडे बोट केलं. "त्या बाहेरचीला सुचलं बघा."

"तुला काय माहीत? तू तर बाहेर होतीस."

"बाकावर बसले होते ना. दारावरचा लाल दिवा एकदम लागला आणि विझला. पेशंटनं घंटी दाबली की तो लागतो. माझ्या वेळी कोणी घंटी दाबलीच नव्हती. मला वाटलं, हिच्याकडून काही बिघडलं. मग लक्षात आलं की तिनं घंटी आजोबांच्या हातात दिली असणार आणि दाबून बघायला सांगितलं असणार."

मेट्रनबाई मागे वळून बघत राहिल्या. उघड्या दारातून चार नंबरची खोली दिसत होती. घंटी भिंतीच्या हुकाला होती.

"मावशी म्हणतात, त्यांनी तुला नंतर या दाराशी पाहिलं. दाराच्या मुठीवर हात होता तुझा."

परतलेलीचा चेहरा कावराबावरा झाला. "आत गेले नाही मी. शपथेवर सांगते. पुन्हा खोलीत शिरणारी बाद, असा नियम आहे. म्हणून हात मागे घेतला."

"पण दाराशी गेलीसच कशाला?"

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि त्यानंतर ती एक अक्षर बोलली नाही.

मग परीक्षक बाई आल्या. त्यांनी नमस्कार केला, पण नजर मिळवली नाही.

"तुझ्या खोलीत उमेदवाराची नेमकी काय परीक्षा घेतात?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"ते नाही सांगता येणार. ज्या खोलीचा परीक्षक, त्यालाच ते माहीत असतं. संचालकांनाही सांगत नाही आम्ही. फुटलं तर पुढच्या खेपेला सगळ्या तयारी करून येतील."

"बरं. बाहेरची निघाली तेव्हा कठडा वर होता की खाली?"

"मी मार्क लिहीत होते. पाहिलं नाही."

मेट्रनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. पेशंटला सोडून जाताना उमेदवार काय करते हे बघायलाच जिला त्या खोलीत बसवलंय, तिनं नेमकं तेवढंच पाहिलं नाही? जिच्या नजरेतून चादरीची सुरकुती सुटत नसे, तिनं?

४

आजोबा हॉस्पिटलात उताणे पडले होते. ऑपरेशन झालं होतं. मेट्रनबाईंना बघून त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"मला काही आठवत नाही," न विचारताच ते म्हणाले. "कूस बदलली आणि पडलो. कोणाचा दोष नाही. लिहून टाका तसं."

"त्या बाहेरचीचं आयुष्य अडकलंय यात."

"कोणाचा दोष नाही म्हणालो ना."

मेट्रनबाईंनी स्टूल ओढलं. थोडा वेळ त्या नाटकांबद्दलच बोलत बसल्या. आजोबा खुलले. कोणत्या भूमिकेला कशी दाद मिळाली ते सांगत सुटले. मग म्हणाले, "आणि हल्लीचं हे कामही काही कमी नाही बरं का. त्या दिवशीची ती मुलगी, काय हात होता तिचा! माझ्या चष्म्यावर कायम डाग असतात. आजवर एकीच्याही लक्षात आलं नाही. तिनं चष्मा काढून माझ्या हातात नाही दिला, आधी काच पुसली, मग अलगद डोळ्यांवर चढवला. मी तर संवादच विसरलो."

"म्हणजे ती गेली तेव्हा चष्मा तुमच्या डोळ्यांवर होता?"

"हो, म्हणजे..." आजोबा थबकले.

"आजोबा, चष्मा ड्रॉवरमध्ये सापडला. माझ्या डोळ्यांवरचा चष्मा कोणी काढला तर मला झोपेतही कळेल. तुम्हाला कळलं नाही?"

आजोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "मला उचललं तेव्हा पायजमा कोणी बदलला?"

"का?"

"काही नाही. नर्सबाईंनी बदलला असेल तर ठीक आहे. केंद्रातल्या कोणी पाहिलं का, एवढंच सांगा."

मेट्रनबाईंना फरशीवरचं ओलं आठवलं. मावशींनी ते पाणी समजून पुसलं होतं. हा माणूस मोडलेलं हाड विसरून भलतीच गोष्ट लपवत होता. त्यांना पुढे विचारायला नको वाटलं, पण विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"लघवीला लागलं होतं, तर उठून गेला का नाहीत? परीक्षा तर संपली होती."

आजोबांनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं.

"संपली होती?"

५

वृद्धाश्रमानं बाहेरचीला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. मेट्रनबाई तिच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर. दार सासूबाईंनी उघडलं.

"आता आणखी काय राहिलंय?" सासूबाईंनी विचारलं. "माणसांना न्हाऊमाखू घालणारी पोर आमची. तिला तुम्ही पेशंट पाडणारी ठरवलंत."

बाहेरची आतून आली. तिनं सासूबाईंना खुणेनं गप्प केलं आणि मेट्रनबाईंसमोर उभी राहिली.

"निघताना काय काय केलंस, ते सांग," मेट्रनबाई म्हणाल्या.

तिनं सांगितलं. सांगताना तिचे हात आपोआप हलत होते. ब्रेक पायानं दाबला, पलंग हलवून पाहिला. चपला अलीकडे ठेवल्या. चष्मा पुसून घातला. घंटी हातात देऊन एकदा दाबून घेतली. कठडा वर करून खटका लागल्याचा आवाज ऐकला.

"मग चूक कबूल का केलीस?"

"तुम्ही विचारलंत, चूक कबूल आहे का. आहे." तिचा आवाज बारीक झाला. "मी बाहेर बाकावर बूट बदलत होते. आतून आजोबांची हाक आली. 'सिस्टर, जरा या ना.' तीच हाक, तेच शब्द. मला वाटलं, पुढच्या उमेदवारासाठी. पण ते थांबले नाहीत. नंतर नंतर आवाज निराळा यायला लागला. माझ्या कानाला ते कळलं होतं मॅडम. वृद्धाश्रमात रोज ऐकते मी. पण आत गेले आणि ते नाटकच निघालं तर मी बाद. तिसरी खेप माझी. म्हणून मी बुटाचे बंद बांधत बसले."

 सासूबाई सुनेजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

मेट्रनबाई उठल्या. परतलेलीचा हात मुठीवर का होता, ते त्यांना आता समजलं होतं. आणि आणखी एक गोष्ट समजली होती. या दोघींना एक ठाऊक नव्हतं, जे केंद्रातल्या दोन माणसांना पक्कं ठाऊक होतं.

६

दुसऱ्या दिवशी सगळे चार नंबरच्या खोलीत जमले. संचालक, परीक्षक बाई, परतलेली, बाहेरची. मावशी दाराशी उभ्या राहिल्या. मेट्रनबाई पलंगावर बसल्या, पण आधी ब्रेक लावून.

"घंटी भिंतीला, चष्मा ड्रॉवरमध्ये, चपला पलीकडे, कठडा खाली, ब्रेक काढलेला," त्या म्हणाल्या. "विसरभोळी नर्स एखादी गोष्ट विसरते. इथे पाचही एकदम. परतलेली आत गेली तेव्हाही खोली बरोबर अशीच होती. तिला वाटलं गलथानपणा. तो गलथानपणा नव्हता, तो या खोलीचा प्रश्न होता. मुद्दाम मांडलेले धोके. उमेदवाराच्या ते ध्यानात येतात का, हीच परीक्षा. बरोबर ना?"

परीक्षक बाईंनी होय म्हणून मान हलवली.

"बरं ब्वा," संचालक म्हणाले, "मग बाहेरचीनं यातलं काहीच केलं नाही. खोली होती तशी सोडून गेली. आम्ही तरी काय वेगळं म्हणतोय?"

"दिवा लागला होता. घंटी आजोबांच्या हातात आल्याशिवाय तो लागत नाही. चष्माही तिनं डोळ्यांवर घातला, हे आजोबांच्या तोंडून निसटलं. म्हणजे तिनं खोली नीट केली. ती गेल्यावर कोणीतरी चष्मा पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला, घंटी पुन्हा हुकाला लावली, चपला पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. आजोबांना पाडायचं असतं तर नुसता कठडा पुरला असता. चपलांची तोंडं कोण बघत बसतं? ज्याला पुढच्या उमेदवारासाठी खोली मांडायची सवय आहे, तोच."

 मेट्रनबाई परीक्षक बाईंकडे वळल्या.

"प्रत्येक उमेदवार गेली की तू खोली पुन्हा मांडायचीस. त्या दिवशी पुढची येणारच नव्हती, हे तुला सकाळपासून माहीत होतं. तरी तू मांडलीस."

परीक्षक बाई खाली बसल्या. खुर्ची होती, तरी जमिनीवर.

"हातानं केलं हो," त्या म्हणाल्या. "डोक्यानं नाही. इतकी वर्षं तेच करतेय. आजोबांना पडलेलं पाहिलं, चपला पाहिल्या आणि लक्षात आलं. तोंडातून बाहेरचीचं नाव निघून गेलं. मग ते परत घेता येईना. कोणत्या तोंडानं सांगणार होते? लोकांच्या चुका काढायला बसलेली मी."

बाहेरची तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर परीक्षक बाईंना सोपं गेलं असतं.

"पण आजोबा उठले का नाहीत?" संचालकांनी विचारलं. त्यांना आता दुसरीकडे कुठेतरी बोट दाखवायला हवं होतं. "धडधाकट माणूस. कठडा खाली होता तर उतरायचं आणि चालायला लागायचं."

"कारण शेवटची उमेदवार आजारी आहे हे तुम्ही आपसातच ठेवलंत, त्यांना सांगितलं नाहीत. पलंगावरच्या सामानाला कोण सांगतं? हिनं चष्मा काढला, कठडा पाडला, त्यांनी डोळे मिटूनच ठेवले. त्यांच्या दृष्टीनं पुढची येणार होती. त्यांना केव्हापासून लघवीला लागलं होतं. पण पडदा वर असताना नट जागा सोडत नाही, असा त्यांचा बाणा. दाबून पडून राहिले. अगदी असह्य झालं तेव्हा चष्म्याशिवाय, पलीकडच्या चपला चाचपडत उतरायला गेले आणि पलंग सरकला."

मावशींनी तोंडाला हात लावला.

"हे झालं पडण्याचं," मेट्रनबाई म्हणाल्या. "आता मला दुसरं विचारायचंय. खाली पडल्यावर त्यांनी हाका मारल्या. कोणी कोणी ऐकल्या?"

बाहेरचीनं लगेच हात वर केला. मागोमाग परतलेलीनं. ती रडायला लागली होती. "मला वाटलं, हीसुद्धा परीक्षाच. कोण नियम मोडतंय ते बघतायत."

"तुम्हा दोघींना पुढची उमेदवार येणार नाही हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला नाटक वाटू शकतं." मेट्रनबाईंनी मान वळवली. "साहेब, ऑफिस भिंतीला लागून आहे. तुम्ही दोघं चहा पीत होतात."

संचालकांनी रुमाल काढला. परीक्षक बाईंनी जमिनीवर बसल्या बसल्याच हात वर केला.

"साहेब हसले," त्या म्हणाल्या. "म्हणाले, आजोबा आज भलतेच रंगात आलेत. मीही हसले."

"आता कोणालाही असंच वाटलं असतं..." संचालक बोलू लागले.

"परीक्षा संपली होती, हे या इमारतीत फक्त तुम्हा दोघांना नक्की ठाऊक होतं. खोलीत बघणारं कोणी उरलं नव्हतं. मग ते कोणासाठी नाटक करत होते, साहेब?"

संचालकांचा रुमाल कपाळाशीच राहिला. हळूहळू त्यांचाही हात वर गेला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. त्या खोलीत मेट्रनबाई आणि मावशी सोडून सगळ्यांचे हात वर होते. कोणाची मान मात्र वर नव्हती.

७

अहवाल सरळ गेला. परीक्षक बाईंनी स्वतःहून काम सोडलं. संचालकांवर कौन्सिलची कारवाई सुरू झाली. निकालापर्यंत बंद असलेली पाकिटं उघडली, तेव्हा चार नंबरच्या खोलीचे मार्क परीक्षक बाईंनी त्या दिवशी खरेच लिहिलेले निघाले आणि बाहेरचीला तिथे पैकीच्या पैकी होते. बाकीच्या खोल्यांतही ती उत्तीर्ण होती. परतलेली थोडक्यात राहिली, तिला पुन्हा बसता येणार होतं.

हे सांगायला मेट्रनबाई स्वतः बाहेरचीच्या घरी गेल्या. पत्रानं कळलंच असतं, पण त्यांना वाटलं, एवढं तरी आपण करावं.

सासूबाईंनी ऐकलं आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. नवरा नुकताच कामावरून आला होता, त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. बाहेरची मात्र भिंतीला टेकून उभीच होती.

"वृद्धाश्रमालाही मी कळवलंय," मेट्रनबाई म्हणाल्या. "ते तुला परत बोलावतील. आता तर नर्स म्हणूनच बोलावतील."

"मॅडम, आजोबांच्या हाकेला मी गेले नाही. ते कुठे धरलंत?"

"कुठेच नाही. चौकशीत तुझा दोष निघत नाही. आणि परीक्षेत त्याला मार्क नाहीत."

"मी काल गेले होते त्यांच्याकडे," ती म्हणाली. "माफी मागितली. ते म्हणाले, तुला नाटक वाटलं म्हणजे माझं काम चांगलं झालं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. मला वाटलं नाही बरं."

नवरा म्हणाला, "अगं, झालं ना आता सगळं नीट."

"झालं." ती मेट्रनबाईंकडे वळली. तिच्या बोलण्यात चढा सूर नव्हता, विचारायचं राहून गेलेलं विचारावं तसं ती विचारत होती. "त्या दिवशी मी म्हटलं, हो, माझी चूक झाली. तुम्ही विचारलं नाहीत, कोणती चूक. एवढं एक विचारलं असतंत, तर मी सगळं सांगितलं असतं. का नाही विचारलंत?"

मेट्रनबाईंना पुष्कळ उत्तरं सुचली. संचालकांचं, गुडघ्यांचं, हाताखालच्या जुन्या नर्सवरच्या विश्वासाचं. सासूबाई बघत होत्या, नवरा बघत होता. आयुष्यभर नर्सेसच्या हातांकडे बघणाऱ्या बाईंना आज आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"कारण तू बाहेरची होतीस," त्या म्हणाल्या. "तुझं 'हो' मला पुरलं."

बाहेरचीनं मान हलवली. तिला हे नवीन नव्हतं, फक्त कोणी तोंडानं कबूल केलेलं तिनं पहिल्यांदा ऐकलं. मेट्रनबाई उठल्या, गुडघा धरून दारापर्यंत गेल्या. त्या घरातलं कोणी "पुन्हा या" म्हणालं नाही.